थाळीला चार तारे, मेनूकार्डाला दीड

टिळकवाडीत रेल्वे गेटाच्या अलीकडं नवं हॉटेल झालंय. नाव लिहीत नाही. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून मालकांना वाईट वाटेल, आणि माणूस भला आहे. बेळगावकरांना 'ते गोष्टींच्या मेनूकार्डाचं' म्हटलं की कळतंय.

घाईत असाल तर एवढंच वाचा. भाकरीची थाळी मागवा. उप्पीट सकाळी दहाच्या आत खा, नंतरचं गरम करून देतात. सांबार बेताचं. कुंदा, म्हणजे आमची दूध आटवून केलेली मिठाई, ठेवतात, पण कुंदा खायचा तर शहापुरात नाहीतर खडेबाजारात जाऊन घ्यावा, हॉटेलात कशाला. गाडी लावायला जागा नाही.

आता मेनूकार्ड. पाटी नियमाप्रमाणं कन्नडमध्ये मोठी, खाली बारीक इंग्लिश. आतलं कार्ड मात्र मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्हींत, जाड प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. प्रत्येक पदार्थाखाली पिवळी चौकट, तिच्यात 'हे नाव कसे पडले?' आणि चार ओळींची गोष्ट. कल्पना झकास आहे. भानगड एवढीच की त्यातल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी रचलेल्या आहेत, आणि एकदा छापल्या की लोक त्या घरी घेऊन जातात.

मला हे खटकायचं कारण धंद्यातलं आहे. कोर्टासमोर टेबल टाकून दस्त लिहितो मी, लोक बॉण्ड रायटर म्हणतात. खरेदीखत, वाटणीपत्र, वटमुखत्यार. दिवसभर कन्नडचं मराठी आणि मराठीचं कन्नड. जमीन माझीच म्हणून कुणी कितीही गळा काढला तरी आम्ही आधी विचारतो, मूळ मालक कोण, मधले फेरफार कुठं आहेत, शेजारच्या सर्व्हे नंबरवाला काय म्हणतो? शब्दालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. पहिल्यांदा लिहिलेला कुठं सापडतो, मधले उच्चार कसे बदलत आले, आणि शेजारच्या भाषांत त्याचे भाऊबंद कोण. गोष्ट कितीही गोड असो, कागद नसेल तर ती गोष्टच.

सुरुवात सांबारापासून, कारण कार्डावर ती चौकट सगळ्यात मोठी आहे, बाजूला भगवा झेंडासुद्धा. गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली: संभाजी महाराज तंजावरला पाहुणे गेले, शाहूजी राजांच्या मुदपाकखान्यात आमटीला घालायचं आमसूल संपलं, कुणीतरी चिंच सुचवली, पदार्थ फक्कड झाला आणि पाहुण्याच्या नावानं तो 'संभा-आहार', म्हणजे सांबार.

कागद बघू. शाहूजी तंजावरच्या गादीवर आले 1684 मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली मार्च 1689 मध्ये. मधली चार-पाच वर्षं महाराज औरंगजेबाच्या फौजांशी झुंजत होते. त्यातून वेळ काढून चुलतभावाकडं जेवायला गेले असं घटकाभर धरूया. तरी शब्दाचं काय? धर्मवीर संभाजी चौकातनं रविवार पेठेत या आणि मसाल्याच्या कन्नड पाट्या वाचा. 'सांबार पदार्थ' लिहिलेलं असतंय, आणि आत डाळ नसते, धने, जिरे, मिरी, दालचिनी असते. कन्नडमध्ये सांबार पदार्थ म्हणजे मसाल्याचं सामान. आता उलट्या टोकाला नागपूरला जा. तिथं भाजीवाल्याला सांबार मागितलं तर तो कोथिंबिरीची जुडी हातात देतो. नागपूरच्या सांबारवडीत डाळ-चिंचेचं सांबार नसतं, कोथिंबीर असते. तंजावरच्या एका जेवणातून निघालेला शब्द विदर्भातल्या भाजीवाल्याकडं कोथिंबीर होऊन कसा बसेल? हे सगळे एकाच घरचे आहेत आणि ते घर म्हणजे संस्कृत 'संभार', जमवलेली सामग्री. केशसंभार म्हणतो तोच हा संभार. जेवणात घालायचा जमवलेला मसाला तो सांबार, आणि मसाला घातलेली आमटी तीही सांबार.

संभाजी महाराजांचा मान सांबाराच्या वाटीवर अवलंबून आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाराजांचं नाव घेण्याआधी जरा इतिहास वाचावा. असो. सांबार स्वतः पातळ होतं, शेवग्याची शेंग एकच, आणि तीही जून.

उप्पिटावर जास्त बोलायला पाहिजे. इथलं उप्पीट बेळगावात सध्या मी खाल्लेल्यांत पहिल्या दोनात. रवा जाड, खमंग भाजलेला, पण लाल नव्हे. मोहरी तडतडलेली, कढीपत्ता कुरकुरीत, आलं दाताखाली येतं पण झोंबत नाही. वरून लिंबाची फोड आणि चमचाभर तूप, न मागता. मूद पाडून देत नाहीत, कढईतलं सरळ झाऱ्यानं ताटलीत टाकतात. मला हेच पसंत, दाबून बसवलेल्या उप्पिटाचा गोळा होतो.

आणि अशा उप्पिटाखाली काय छापलंय बघा. 'उप + पीठ, म्हणजे पिठापासून केलेला उपपदार्थ. यालाच उपमा म्हणतात, कारण याच्या चवीला उपमा नाही.' वाचून माझ्या शेजारच्या टेबलवाला बसू हसत सुटला. बसू कन्नड घरचा, माझ्यापेक्षा बराच लहान, माझ्याच बाजूला दस्त लिहितो. म्हणाला, "मामा, आमच्या घरात पाच वर्षाचं पोरगं पण सांगतंय की हे. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. उप्पिट्टु. यात उपमा-बिपमा कुठनं आणला ह्यांनी?"

बसू बरोबर आहे. मिठाचं पीठ, उप्पिट्टु. मराठीनं ते उचलून उप्पीट केलं. पलीकडं तमिळांनी त्यांचं मीठ, तेही उप्पुच, आणि त्यांचं पीठ, मावु, एकत्र करून उप्पुमावु केलं, तेच झिजून उपमा. कवितेतल्या उपमेशी त्याचा काडीचा संबंध नाही. कार्डाच्या कन्नड बाजूला तर गंमतच आहे. तिथं पदार्थाचं नाव 'उप्पिट्टु' असं शुद्ध लिहिलंय आणि त्याच्याखाली तीच उप-पीठाची गोष्ट कन्नडात भाषांतर करून छापलीय. कन्नड वाचणाऱ्याला त्याच्याच मिठाचं संस्कृत सांगायचं म्हणजे हद्द झाली.

हे असं का होतं त्याचा मला थोडा अंदाज आहे. आपल्याकडं शब्दाला मोठं करायचं तर त्याला एकतर राजाच्या ताटाजवळ बसवायचं, नाहीतर संस्कृताचा शालू नेसवायचा. शेजारणीकडनं वाटीभर आणलेलं आहे हे सांगायला जीव जड होतो. आणि बेळगावात तर दोन्ही शेजाऱ्यांना जड होतो. तूप घ्या. कन्नड तुप्प, मराठी तूप, जुन्या प्राकृतात तुप्प. त्याच्यावर कुणी मालकी सांगायची? अडकित्ता घ्या. आमच्याकडं पानाच्या डब्यात असतोच, पण त्यातली 'अडक' म्हणजे कन्नड अडिके, सुपारी. सुपारी कातरायचं हत्यार शेजारच्या नावानं घरात आलं, आणि आज घरातली आजीसुद्धा ते परकं मानत नाही.

इडली-दोशाची चौकट पटकन उरकतो. कार्ड म्हणतं, इडली इंडोनेशियाहून आली, तिथं तिला 'केडली' म्हणतात. आंबवून वाफवायची पद्धत तिकडून आली असावी असा तर्क एका खाद्य-इतिहासकारानं मांडला होता, तर्क म्हणून ठीक. पण शब्दाचा कागद आपल्याच घरात आहे: 920 च्या सुमारास लिहिलेल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' येते. पुढं 1130 च्या आसपास कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, 'मानसोल्लास' रचला, त्यात 'इडरिका' आहे. ती उडदाची होती, तांदळाची नव्हे. दोशाबद्दल कार्ड सांगतं की तव्यावर घालताना एकदा 'स्स' होतं आणि उलटताना दुसऱ्यांदा, म्हणून दो-सा. बसूचं म्हणणं, मग आमच्या आईचा दोसा नुसता 'सा', ती उलटतच नाही. मानसोल्लासातल्या पदार्थांत दोशाचा पूर्वजही बसलेला आहे, आणि त्या वेळी कल्याणीत हिंदीतलं 'दो' कोण मोजत बसलं होतं?

पावाची गोष्ट सगळीकडं चालते तीच इथं: पायानं कणीक तुडवतात म्हणून पाव. मुलं ही वाचून पाव खात नाहीत, हे मी शेजारच्या टेबलावर डोळ्यांनी बघितलं. आईनं समजूत काढली, "नाही रे, चार जोडलेले असतात, त्यातला एक पाव." तीही चुकीची, पण निदान पोटात तरी गेला. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि गोव्यात 1510 पासून पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत भाकरीला 'पाँव'सारखा नाकातला शब्द आहे, तो लॅटिन 'पानिस'चा वंशज. पायाचा पाव आणि पावशेरातला पाव हे दोघं मात्र एकाच घरचे, संस्कृत 'पाद'कडून आलेले, चौपायाचा एक पाय म्हणजे चौथा भाग. खायचा पाव त्यांच्यात नुसत्या नावानं सारखा असलेला पाहुणा.

बटाट्याला कार्डानं 'वाटोळा, म्हणून बटाटा' केलंय. हे वाचून मात्र मला राग आला नाही, इतकं ते भाबडं आहे. खरी हकीकत आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यानं ऐकावी अशी आहे. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा शब्द. स्पॅनिश-पोर्तुगीज दर्यावर्दींनी तो उचलला, आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. पण तैनो लोकांकडं आपला बटाटा नव्हताच. ते ज्याला बटाटा म्हणत ते रताळं. बेळगाव तालुक्याच्या तांबड्या मातीत बटाटे आणि रताळी दोन्ही निघतात, मार्केट यार्डात दोन्हींची पोती शेजारी शेजारी उभी असतात, आणि नाव एकाचं दुसऱ्यालाच चिकटलेलं. उत्तरेनं संस्कृत 'आलु' धरला, आम्ही तैनोंचा धरला. असली हकीकत हातात असताना 'वाटोळा' छापायचं?

आता थाळी, जिच्यासाठी खरंतर लोक येतात. ज्वारीची भाकरी ताटात येते तेव्हा पापुद्रा फुगलेला असतो, बोटानं टोचलं की वाफ येते. कडा पातळ आणि मधे कच्ची नाही. हे आत कोण बाई थापतायत त्यांना माझा नमस्कार सांगा म्हणून मी पोऱ्याला सांगितलं, तो लाजला. सोबत एण्णेगाई, म्हणजे तेलातली भरली वांगी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, लोण्याचा गोळा, लोणचं, ताक, शेवटी भात. एण्णेगाईत संकेश्वरी मिरचीचा झणका होता, रंगासाठी ब्याडगी घालून गप बसवलेलं नव्हतं. झुणका मात्र कोरडा ठणठणीत.

गंमत अशी की या थाळीखाली चौकट नाही. 'पारंपरिक थाळी' एवढंच. आणि खरी नवलाची नावं सगळी या ताटातच आहेत. मीठच घ्या ना. ताटाच्या डाव्या कडेला वाढलेलं चिमूटभर मीठ म्हणजे संस्कृत 'मिष्ट'. गोड! मिठाई आणि मीठ सख्खे. गुजराती माणूस तर आजही खाऱ्या मिठाला 'मीठुं' म्हणतो आणि गोडालाही 'मीठुं'च. ज्यानं जेवणाला गोडी येते ते मीठ, असा तो प्रवास. मग मिठाचं जुनं नाव गेलं कुठं? 'लवण' जागेवरनं हटलं पण घर सोडून गेलं नाही. लोणच्यात आहे. 'अळणी' म्हणतो त्यातही आहे, अ-लवण.

लोणचं लवणाचं म्हटल्यावर लगेच कुणीतरी म्हणणार, मग लोणीही लवणाचंच. बसूनं हेच विचारलं. नाही. लोणी 'नवनीत'चं आहे, ताजं काढलेलं. न चा ल कसा झाला विचाराल तर तसाच 'निंब'चा लिंब झालाय, फेरफार नोंद एकट्या लोण्यासाठी केलेली नाही. ही खरी खूण. 'भक्त'चा भात झाला हे आधी थापच वाटते, पण त्याच वाटेनं 'मौक्तिक'चा मोती झाला आणि 'सक्तु'चं सातू झालं. भक्त म्हणजे वाटून दिलेला हिस्सा, वाट्याला आलेलं अन्न. देवाचा भक्त आणि ताटातला भात एकाच धातूचे, हे एखाद्या कीर्तनकारानं सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं महाराज रंगात आले. पण ते खरं आहे. उलट ताटात शेजारी बसलेलं, एकसारखं दिसणारं लोणी-लोणचं एकमेकांचे कुणी नव्हेत.

मालकांना मी हे सगळं काउंटरवर बोललो. करदंटापासून, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईपासून सुरुवात केली, कारण ते बरणीत समोरच होतं. बरणीवर चिठ्ठी: 'कर + दंत, दातांची कसरत करणारा'. गोकाकच्या माणसानं वाचलं तर तो हॉटेलात शिरायचा नाही. कन्नडमध्ये करिदु म्हणजे तळून आणि अंटु म्हणजे डिंक. तळलेल्या डिंकाचं ते करदंटु. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "साहेब, पुतण्यानं मोबाईलवरनं काढून दिलंय सगळं. पण एक सांगू काय? गोष्ट असली की लोकं वाचत बसत्यात. आत ऑर्डरला वीस मिनिटं लागली तरी कोण ओरडत नाही."

याच्यावर काय बोलणार. मी म्हटलं, खऱ्या गोष्टी वाचायलाही वीस मिनिटं लागतात, मी लिहून देतो. ते म्हणाले, "द्या की. मीठ-लोण्याचं द्या, भाताचं द्या, करदंटाचं तर आजच बदलतो. उप्पिटाचं पण चालंल." मग जरा जवळ सरकून, "सांबाराचं तेवढं राहू दे. मला इथंच धंदा करायचाय."

मी त्यांना दोष देत नाही. पण दीड ताराच देतो, आणि त्यातला एक पहिल्या पानासाठी आहे. तिथं वर बारीक अक्षरात लिहिलंय की बेळगाव म्हणजे वेणुग्राम, वेळूचं गाव. हे खरं. 13 व्या शतकाच्या सुरुवातीच्या, रट्ट राजांच्या काळातल्या शिलालेखांत हे नाव आहे, आणि कुणा राजानं इथं बासरी वाजवली वगैरे जोडलेलं नाही. गावाचं नाव 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, तरी बांबू तोच.

उरलेला अर्धा छपाईसाठी. तिन्ही लिप्यांत शुद्धलेखन चांगलं आहे, आणि हे या गावात सोपं नाही.

बिल छोट्या लाकडी पेटीतनं येतं, झाकणावर इंग्लिशमध्ये कोरलंय की टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', लवकर सेवा मिळावी म्हणून. तेही खोटं. 17 व्या शतकात विलायतेतल्या भुरट्या चोरांच्या बोलीत 'टिप' म्हणजे दे, सरकव इकडं. आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची सवय जगाला लागली ती अगदी अलीकडं, 20 व्या शतकात. आणि टिप जेवण झाल्यावर देतात, तेव्हा लवकर काय मिळणार? तरी पोऱ्याला मी दिली. ताक त्यानं दोनदा आणून ओतलं होतं.

भाकरी-थाळी 140 रुपये, भाकरी दोन, तिसरी मागितली तर पैसे लावत नाहीत. उप्पीट 40. फोनवरनं पैसे चालतात, पण दुपारी आत रेंज जाते, सुटे ठेवा. मंगळवारी बंद. रविवारी एकनंतर गेलात तर बाहेर उभं राहावं लागतं, तेव्हा कार्ड हातात येईलच.